चौथा तुकडा कुठं ठेवलास, सोपान?

सोपान, तो चौथा तुकडा तुझ्याकडेच होता, असा माझा अजूनही संशय आहे.

गेलेल्या माणसाशी असं बोलत नाहीत, हे मला कळतं. आधी त्याच्या चांगुलपणाबद्दल भरपूर लिहायचं, मग गळा दाटून आल्याचं कळवायचं, आणि मग काय असेल ते हळूच काढायचं. पण तसलं काही तुला वाचून दाखवलं असतं, तर तू मध्येच थांबवून म्हणाला असतास, "मास्तर, मुद्द्याचं बोला. काय पायजे तुमाला?" म्हणून मुद्द्याचंच बोलतोय. तुला जाऊन पंधरवडासुद्धा झाला नाही, आणि मी हिशेब मागायला बसलोय म्हणून लोक नावं ठेवतील. ठेवू देत. त्यांना आपला धंदा कुठं माहीत आहे?

धंदा म्हणजे अंतराळयानांची जुनी मासिकं आणि पुस्तकं गोळा करणं. मी बारामतीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारा. तू शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचा. तुझे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे आणि तू टेम्पोत कोबी भरून बारामतीच्या बाजारापर्यंत यायचास. आपल्या दोन तालुक्यांत ऊसवाले, द्राक्षवाले, डाळिंबवाले लागतील तेवढे मिळतील. रद्दीतून रॉकेटं वेचणारे आपण दोघंच होतो. दोघंच असल्यामुळं एक मोठी सोय होती. काही हरवलं की चोर कोण, हे ठरवायला वेळ लागायचा नाही.

आपली गाठ पडली ती भिगवणला, बाबूभाईच्या रद्दीच्या दुकानात. तिथली निम्मी रद्दी मासळीवाले न्यायचे. पण त्यांना साधा कागद लागतो. गुळगुळीत कागदात मासा बांधला की पाणी सगळं पिशवीत उतरतं. म्हणून बाबूभाई गुळगुळीत मासिकं वेगळी काढून ठेवायचा, आणि जून उजाडला की ती वह्यांच्या कव्हरांसाठी विकायचा. रशियाच्या मासिकांचा कागद तर त्या कामाला एक नंबर. मुलं भूगोलाच्या वहीला रॉकेट चढवायची आणि वर्षभर त्याच्यावर शाई सांडायची. दुसऱ्यांना पावसाळा कधी येतो याची काळजी असते, मला जून कधी संपतो याची असायची.

त्या दिवशी गठ्ठ्याचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं तुझ्या. तुझ्या अंगातल्या बंडीवरून मी ठरवून टाकलं की हा पोरांच्या वह्यांसाठी आलाय. मग मी माझा वर्गातला आवाज काढला. चकचकीत कव्हरावरून उजेड परावर्तित होतो, मुलांच्या डोळ्यांना अपाय होतो, खाकी कागद उत्तम, असं तुला समजावून सांगितलं. तू सगळं शांतपणे ऐकून घेतलंस.

"व्हय का?" तू म्हणालास. "मग तुमी खाकी न्या. तुमच्या शाळंत डोळं लई. माझी पोरगी अजून रांगतीया, मी आपलं मलाच बगायला नेतोय."

माझ्या आयुष्यात मला प्रतिस्पर्धी मिळाला तो असा.

समोरच्या टपरीवर चहा पिता पिता आपण तह केला. बारामतीची रद्दी माझी, इंदापूरची तुझी, आणि भिगवण सामायिक, जो आधी पोचेल त्याचं. तह झाला त्या क्षणापासून मला खात्री वाटायला लागली की तू तो मोडणार. बारामतीच्या बाजारात तुझा टेम्पो दिसला की माझा तास बिघडायचा. एकदा तर मी सुट्टी टाकून सायकलवरून तुझ्या मागं निघालो. तू मंडईत थांबलास, मी मिरचीच्या पोत्यामागं. तू पेट्रोल भरायला थांबलास, मी शिंकत शिंकत हवेच्या पंपामागं. शेवटी तू टेम्पो बाजूला घेतलास, खाली उतरलास, सरळ माझ्याकडं आलास आणि सायकलच्या हँडलला दोन कोबी लटकावलेस. "येवढं मागं मागं आलाव," म्हणालास, "रिकाम्या हातानं जाऊ नका." आरशात मी पहिल्यापासून दिसत होतो म्हणे. ते कोबी आम्ही आठवडाभर खाल्ले. बायको विचारत राहिली की कोणी दिले, आणि मी सांगत राहिलो की एका पालकानं.

मग रविवार सुरू झाले. हे कुणी ठरवलं, तू की मी, ते आठवत नाही. मी बारामतीहून भिगवण, भिगवणहून दुसरी एसटी धरून तुझ्याकडं यायचो. तू पडवीत सतरंजी टाकायचास, नवीन सापडलेलं मांडायचास, आणि मी वाचून दाखवायचो. इंग्रजी असलं तर प्रामाणिकपणे. पण भिगवणला कुठल्याशा इंजिनिअरच्या घरातून निघालेली जी रद्दी आली, ती निव्वळ रशियन भाषेतली होती. आणि तुला मी सुरुवातीलाच सांगून बसलो होतो की मला रशियन येतं.

आता सांगायला हरकत नाही. मला रशियन भाषेतलं एकच वाक्य येत होतं, "हे टेबल आहे." शिकवणीच्या पुस्तकाचा तेवढाच धडा मला रद्दीत मिळाला होता. बाकी सगळं मी चित्राकडं बघून रचायचो. तू हनुवटी गुडघ्यावर टेकवून ऐकायचास, मध्येच तुझ्या कपाळाला आठी पडायची, आणि मी समजायचो की आता शंका आली.

"मास्तर, ही टाकी गेल्या ऐतवारी प्यायच्या पाण्याची हुती."

"हो. मग?"

"आज तिच्यात विंधन कसं आलं?"

मी म्हणालो की वर जागा कमी असते, पाण्याला आणि इंधनाला एकच टाकी आलटून पालटून वापरतात. तू बराच वेळ त्या टाकीकडं बघत राहिलास. "बिचारी मानसं," एवढंच म्हणालास. ते तू वरच्या माणसांबद्दल म्हणालास की माझ्या शाळेतल्या मुलांबद्दल, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या इंजिनिअरच्या रद्दीतच तो नकाशा होता. अंतराळस्थानकाचा, आतून कापून दाखवलेला. चार अंकांत चार तुकडे, प्रत्येक घडीचा. चारही जोडले की अख्खं स्थानक सतरंजीभर होणार, यंत्रं, पाइप, झोपायच्या पिशव्या, सगळ्यासकट. पहिले दोन तुकडे त्या गठ्ठ्यात मिळाले. पुढचे दोन अंक बाबूभाईनं आदल्याच दिवशी कव्हरांसाठी विकले होते. महिना अर्थातच जून.

तिसऱ्या तुकड्याची गोष्ट मी तुला दहा वेळा तरी सांगितली असेल, पण तू हसायचास म्हणून अकराव्यांदा सांगतो. आठवीच्या वर्गात एका मुलीच्या वहीवर मला स्थानकाचं पोट दिसलं. मी नवीन खाकी कव्हर घालून द्यायचं कबूल करून ते सोडवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला फुकटचं नवीन कव्हर हवं झालं. मुली घरातली सगळी गुळगुळीत मासिकं चढवून आल्या. मी चौथ्या तुकड्याच्या आशेनं एकेक कव्हर सोडवतोय, टेबलावर सिनेमातल्या नट्यांचा ढीग लागलाय, आणि दारात हेडमास्तर उभे. त्यांनी नट्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, "सर, मी स्थानक शोधतोय." ते म्हणाले, "भिगवणचं का दौंडचं?" त्यानंतर वर्षभर मला मुलींच्या वर्गावर तास मिळाला नाही.

असे तीन तुकडे जमले. तुझ्या पडवीत आपण ते जोडून मांडले. चौथ्याची जागा रिकामी, तिथं तुमच्या सतरंजीचे लाल पट्टे. तू त्या पट्ट्यांकडं बघत सहज बोलून गेलास, "ह्या शेवटच्या खोलीत एक मानूस दाढी करत बसलाय."

मी म्हणालो, तुला काय माहीत?

"असंल की," म्हणालास, आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेलास.

सोपान, असं कुणी सहज बोलत नाही. माणूस म्हटला असतास तर चाललं असतं, झोपलेला माणूस म्हटला असतास तरी चाललं असतं. पण दाढी? दाढी करणारा माणूस पाहिल्याशिवाय कुणाला सुचत नाही. त्याच दिवशी माझ्या मनानं घेतलं की चौथा तुकडा तुझ्या त्या पत्र्याच्या पेटीत आहे. पुढच्या रविवारी आलो तर पेटीला कुलूप. भलंमोठं, काळं. मग तर शंकाच उरली नाही.

मी सरळ विचारून पाहिलं, आडून विचारून पाहिलं. माझ्याकडची चार इंग्रजी मासिकं बदल्यात देऊ केली. तू हो म्हणाला नाहीस आणि नाहीही म्हणाला नाहीस. एकदा लाइट आली म्हणून तू मोटर चालू करायला विहिरीवर पळालास, आणि मी खिशातला कर्कटक काढून त्या कुलपात घातला. विज्ञानाच्या मास्तरला एवढं जमायला हवं. कर्कटकाचं टोक आत मोडलं. पारूवहिनी चहा घेऊन दारात आल्या तेव्हा मी पेटीसमोर गुडघ्यावर होतो. मी म्हणालो, पेटीचं घनफळ मोजतोय. वहिनींनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मोजा, पर चा गार हुईल." पुढच्या खेपेला कुलूप तेच होतं आणि टोक निघालेलं होतं. तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. चोराला काही न बोलण्यासारखा दुसरा त्रास नाही.

आणि भांडलो तरी किती. रशियावाल्यांचा तो मोठा देश मोडला तेव्हा आपण भांडलो. मासिकं बंद पडतात हे मला ठाऊक होतं, देशच बंद पडून मासिक बंद पडलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. त्यांचा माणूस अजून वर स्थानकातच होता. तू विचारलंस, वर असताना खालचा देश गेला तर त्यानं उतरायचं कुठं? मी फळ्यावर शिकवतो तसं कक्षा, वेग, पॅराशूट, सगळं सांगितलं. तू म्हणालास, "त्ये न्हाय इचारलं. उतरंल वो. पर घर कुठलं सांगायचं?" मी चिडलो, म्हणालो की हा प्रश्न विज्ञानाचा नाही. तू धरणाच्या पाण्याकडं बघत बसलास. उन्हाळा लागत होता, पाणी लवकर उतरलं होतं, धरणात बुडालेल्या जुन्या गावाचं देऊळ वर आलं होतं. तुझं जुनं घर त्याच्या पलीकडं कुठंतरी चिखलात. मला ते शेवटची एसटी चुकल्यावर सुचलं. पुढच्या रविवारी त्याबद्दल काही बोलावं असं ठरवून आलो होतो, पण तू दारातच विचारलंस, "आज टाकीत काय हाय मास्तर, पानी का विंधन?" राहिलं ते राहिलंच.

आता त्या सकाळचं. शिपाई वर्गात आला आणि म्हणाला, पळसदेवहून फोन आलाय, सोपानराव गेले. सकाळी छातीत कळ आली म्हणे. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते तुलाच सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला पटणार नाही. माझ्या मनात आलं, हा डाव आहे. त्या दिवशी बारामतीतल्या एका बंद पडलेल्या वाचनालयाची रद्दी निघणार होती. हे तुला कळलं असणार, मला पळसदेवला पाठवून तू इकडं गठ्ठे उचलणार. मी सायकल घेतली आणि स्टँडवर न जाता वाचनालयाच्या गल्लीत गेलो. रस्त्यावर गठ्ठे मांडले होते. वरच्याच गठ्ठ्यात एका अग्निबाणाचं शेपूट दिसत होतं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी बघितलं.

तुझा टेम्पो नव्हता.

तेव्हा मला खरं वाटलं. गठ्ठ्याला मी हात लावला नाही. म्हणजे लावावा असं सुचलंच नाही. सायकल तिथंच भिंतीला टेकवून मी स्टँडकडं चालत गेलो, आणि सायकल कुठं ठेवली ते दोन दिवस आठवलं नाही.

दहाव्याला पाण्याकाठी सगळे जमले होते. पिंड ठेवला, माणसं मागं सरली, आणि पाठ वळते न वळते तोच कावळा शिवला. म्हातारी माणसं समाधानानं माना हलवायला लागली. सुखानं गेला, काही इच्छा मागं राहिली न्हाय, असं एकमेकांना सांगायला लागली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. माझ्या मात्र डोक्यात घंटा वाजली. काही इच्छा राहिली नाही? ज्याच्या संचातला एक तुकडा कमी आहे, त्याची इच्छा राहिली नाही? असा गोळा करणारा अजून जन्माला यायचाय. इच्छा राहिली नाही, याचा अर्थ तुकडा होता!

वर्गात मी कावळ्या-बिवळ्याच्या विरुद्ध बोलतो, हे तुला माहीत आहे. पण पुरावा म्हणून त्या दिवशी मला कावळा चालला.

घरी आल्यावर मी पडवीत बसलो, पण नजर सारखी आत जात होती. वहिनींनी ते बघितलं. माणसं जेवायला बसल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, पेटी बगायची आसंल ना तुमाला. मी छे छे म्हणालो, ही काय वेळ आहे, म्हणालो. बोलता बोलता पेटीपाशी पोचलोसुद्धा. कुलूप नव्हतं. झाकण नुसतं पुढं ढकललेलं.

सगळं काढलं रे. एकेक. तुझी इंग्रजी मासिकं, रॉकेटच्या इंजिनाचं, मागचा पुठ्ठा गेलेलं एक पुस्तक, शेतीच्या मासिकांत लपवलेली दोन-तीन, आणि "दुर्मिळ आहे" म्हणून मी तुझ्या गळ्यात मारलेले सगळे कचरा अंक, नीट सुतळीनं बांधलेले. पानं झटकली. तळाचा वर्तमानपत्राचा कागदही उचलला. तळाला पोरीच्या बांगड्यांचे तुकडे आणि एक गोटी निघाली. चौथा तुकडा नव्हता.

मी वहिनींना विचारलं, की कुलूप कुठं गेलं?

"कुलूप गोठ्याचं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी यायच्या दिशी तेवढं काढून आनायचे आन पेटीला लावायचे. तुमी येष्टीत बसला की परत गोठ्याला. येरवी पेटीत पोरगी खेळती."

मी खालीच बसलो. सोपान, गोठ्याचं कुलूप! म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी तुझा गोठा बिनकुलपाचा राहिला, मी काहीतरी फोडायला यावं म्हणून. मला हसू आलं, आणि त्या हसण्याचं मध्येच दुसरंच काही झालं, आणि बाहेर जेवणारी माणसं आत डोकावायला लागली. वहिनींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं सरकवला आणि दार ओढून घेतलं.

"न्या ती पेटी," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "तुमच्याबिगार कुनाला काय कळतंय त्यातलं?"

ही पेटी मिळावी म्हणून मी काय काय केलं, हे तुला माहीत आहे. तरी मी नको म्हणालो. एसटीत नेता येणार नाही म्हणालो. वहिनींनी बाहेर बोट दाखवलं. टेम्पो दारात उभा होता.

घरी आल्यावर मी शांतपणे विचार केला. शक्यता दोनच आहेत. एक, तुझ्याकडं काहीच नव्हतं, आणि तू मला दाढी करणारा माणूस दिलास, जशी मी तुला टाकी दिली. दुसरी, तू तुकडा दुसरीकडं ठेवलास आणि पेटी हे नुसतं बुजगावणं. बायको म्हणाली, आता पहिली शक्यता धरून चालावं आणि गप्प बसावं, माणूस गेला. मी तिला म्हणालो, शोधल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हे मी मुलांना रोज शिकवतो. ती म्हणाली, मुलांना काय काय शिकवता ते हेडमास्तरांनी मला सांगितलंय.

तेव्हा मी परवा वहिनींना फोन केला, तुमच्या शेजाऱ्यांकडं. विचारलं, की सोपाननं आणखी कुठं कागद ठेवले होते का. त्यांनी आधी आमच्या घरचे सगळे बरे आहेत का ते विचारलं. मग म्हणाल्या, गोठ्याच्या माळ्यावर कसलं तरी बोचकं हाय, पर त्यात काय हाय ते मला ठावं न्हाय. मी म्हणालो, जरा काढून बघता का? तर म्हणाल्या, "मला न्हाय जमायचं वर चढाया. तुमीच या ऐतवारी. आन एका दिशी हुयाचं न्हाय ते, लई पसारा हाय."

शिडी लागेल, ती शेजाऱ्यांकडून मागून ठेवते म्हणाल्या.

सोपान, तुमची स्वतःची शिडी आहे. दहाव्याच्या दिवशी ती मी माझ्या डोळ्यांनी गोठ्याला टेकलेली पाहिलीय. मग ही कसली मागामाग? मला वाटतं, पारूवहिनी तुला सामील आहेत. रविवारी पहिल्या एसटीनं येतोय.